सीएसएमटीहून सुटणाऱ्या लांबच्या गाड्या : कुठली कुठून वळते, आणि हे टर्मिनस तिथेच का हवं

घाटवाट

दीड महिन्यापूर्वी माझा मावसभाऊ विदर्भ एक्स्प्रेस पकडायला मुंबई सेंट्रलला जाऊन उभा राहिला. गाडी मध्य रेल्वेची, मध्य म्हणजे सेंट्रल, असा त्याचा सरळ हिशेब. नशिबाने वेळ हातात ठेवून निघाला होता. लोकलने दादर गाठलं आणि गाडी तिथे मिळाली. मुंबईत नवीन येणाऱ्या बऱ्याच जणांचा हा घोळ होतो, म्हणून हा धागा काढतोय.

मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचं टर्मिनस, १९३० साली सुरू झालेलं. मध्य रेल्वेचं मुख्य टर्मिनस म्हणजे सीएसएमटी. १८८७ पासून व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस, आणि २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आलं. टॅक्सीवाल्याला आजही व्हीटी म्हटलं तरी कळतं. माझी आजी शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायची.

इथे १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. लोकलने आलात तर बाहेर न पडता आतूनच उजवी-डावी विचारत मोठ्या हॉलमध्ये जाता येतं. सामान जास्त असेल आणि टॅक्सीने येणार असाल तर पी. डिमेलो रोडच्या बाजूने या, १८ नंबरकडून आत शिरता येतं. जिने नाहीत, पूल नाहीत. सगळे फलाट एका टोकाला बंद असल्यामुळे हॉलमधून कुठल्याही फलाटावर सपाटीने चालत जाता येतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन प्रवास करणाऱ्याला ही गोष्ट किती मोठी आहे ते विचारा.

आता वाटा. सगळ्या गाड्या दादर, कुर्ला, ठाण्यापर्यंत एकाच दिशेने जातात. कोकणातल्या गाड्या दिवा स्टेशनला उजवीकडे वळून पनवेल-रोह्याकडे निघतात. बाकीच्या ५४ किलोमीटरवरच्या कल्याणपर्यंत एकत्र असतात आणि तिथे रूळ फुटतात. डावीकडे कसारा, इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ : ही नागपूर, हावडा, दिल्ली, लखनऊ आणि मराठवाड्याची वाट. उजवीकडे कर्जत, लोणावळा, पुणे : ही कोल्हापूर, सोलापूर, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईची वाट. म्हणजे मुंबई सोडायची तर एकतर कसाऱ्याचा थळघाट चढा, नाहीतर लोणावळ्याचा बोरघाट, नाहीतर समुद्राच्या कडेकडेने कोकणात उतरा.

आपापल्या वाटेबद्दल लिहा. वेळापत्रक नको, ते फोनवर मिळतं. प्रवास करणाऱ्यालाच माहीत असतं असं काही लिहा.

नवखी

फार वेळेवर धागा काढलात. आईला घेऊन नागपूरला जायचंय. तिचे गुडघे दुखतात. आम्ही दादरला राहतो, त्यामुळे दादरलाच चढावं असं मनात होतं. बरोबर आहे का? आणि कुठली गाडी घेऊ?

वऱ्हाडी माणूस

नवखीताई, दादरला राहत असलात तरी सीएसएमटीलाच जा. दादरला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, त्यात आपला डबा नेमका कुठे येतो ते पाहायचं, गर्दीतून वाट काढायची, आईला चढवायचं आणि सामानही चढवायचं. सीएसएमटीला गाडी सुटायच्या आधीच फलाटावर लागलेली असते. आईला शांतपणे बसवा, पाण्याची बाटली घ्या, मग गाडी सुटू द्या. फक्त तिकिटावर चढण्याचं स्टेशन सीएसएमटीच टाका.

नागपूरसाठी विदर्भ, सेवाग्राम आणि दुरंतो या हक्काच्या गाड्या. विदर्भ पुढे गोंदियापर्यंत जाते. दुरंतो रात्रीची, थांबे कमी. हावड्याकडे जाणारी गीतांजलीही नागपूरवरून जाते, पण ती लांबची गाडी, तिच्यात तिकीट मिळणं अवघड. आई बरोबर आहे आणि घाई नाही, तर सेवाग्राम घ्या. दुपारी निघते, त्यामुळे कसाऱ्याचा घाट उजेडात दिसतो. ८३७ किलोमीटरचं अंतर आहे, रात्र झोपेत जाते, सकाळी नागपूर.

एक सावधगिरी, कोणी हावड्याला जात असेल त्याच्यासाठी. सीएसएमटीहून हावडा मेल नावाच्या दोन गाड्या सुटतात. एक नागपूर, रायपूर, बिलासपूरवरून जाते, दुसरी इटारसी, जबलपूर, प्रयागराजवरून. जबलपूरची वाट जुनी. १८७० मध्ये आपल्याकडची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) आणि तिकडची ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या तेव्हा मुंबई-कलकत्ता रेल्वेने पहिल्यांदा जोडलं गेलं. तिकीट काढताना नुसतं ‘हावडा मेल’ म्हणू नका, ‘नागपूरवरून’ किंवा ‘प्रयागराजवरून’ म्हणा.

बँकरवाले काका

मी इंजिनावर काम करून निवृत्त झालो. घाटाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

दोन्ही घाटांचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. रस्त्याला हा चढ जाणवणारही नाही, पण रेल्वेत लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर असतं, पकड कमी. पावसाळ्यात रूळ ओला, वर झाडाचा पाला पडलेला, मग चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना आम्ही बँकर म्हणतो. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, कसारा ते इगतपुरी १५. वर पोचलं की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परत येतात. दिवसरात्र हेच चक्र.

चढण्यापेक्षा उतरणं जोखमीचं. ब्रेक हातात राहिला नाही तर गाडी कोणी थांबवू शकत नाही. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत. डोंगराच्या चढावर जाणारा एक आंधळा रूळ असतो. उतरणाऱ्या गाडीसाठी काटा, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, नेहमी त्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं की मगच मुख्य मार्गाचा काटा लागतो आणि सिग्नल मिळतो. पुण्याहून येताना लोणावळ्यानंतर गाडी जंगलात मिनिटभर उगाच उभी राहते असं लोक म्हणतात. ती उगाच उभी राहत नाही. तिथे ड्रायव्हर तुमच्या जिवाची खात्री देतो आणि मग पुढे जातो.

पूर्वी बोरघाटात याहून अवघड होतं. खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ सुरू. १९२९ मध्ये नवीन मार्ग झाला आणि ते बंद झालं. या घाटाचं बांधकाम चालू असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम हातात घेऊन पुरं करवून घेतलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. हजारो मजूर त्या कड्यांवर रोगराईने आणि अपघाताने गेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मी प्रत्येक पाळीला पहिल्या बोगद्याशी हात जोडायचो, ते त्यांच्यासाठी.

रोजचा पासवाला

काका, नमस्कार. तुमच्यासारख्यांच्या भरवशावर आम्ही पुण्याचे पासवाले वर्षानुवर्षं ये-जा करतोय.

माझी गाडी डेक्कन क्वीन. सकाळी सव्वासातला पुण्याहून, संध्याकाळी ५.१० ला सीएसएमटीहून. १ जून १९३० ला सुरू झाली. दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस होतो, इंजिनाला हार घालतात, केक कापतात. २०२२ मध्ये नव्या पद्धतीचे (एलएचबी) डबे आले, पण डायनिंग कार राहिली. टेबल-खुर्चीवर बसून गाडीत जेवता येईल असा डबा नेमाने चालवणारी देशात हीच गाडी. ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट. खंडाळ्याला ढग खिडकीपर्यंत आलेले असतात आणि समोर चहा असतो.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळचं. ५ वाजता ऑफिसातून पळत निघालं की सीएसएमटीचा तो मोठा हॉल, वर इंडिकेटर, आणि गाडी आधीच लागलेली. डब्यात शिरलं की ओळखीची तोंडं. कोणाची मुलगी बारावीला, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालेलं, हे आम्हाला एकमेकांच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. माझे वडील गेले तेव्हा आमच्या डब्यातले अकरा जण दुसऱ्या दिवशी पुण्याच्या घरी आले होते. त्यातल्या चौघांची आडनावं मला त्या दिवशी कळली.

बदलापूरकर

सगळं वाचलं, आवडलं. पण दुसरी बाजूही मांडू द्या, कारण मी रोज ती भोगतो.

सकाळी साडेआठ-नऊला आमची फास्ट लोकल कुर्ल्याच्या आसपास उभी राहते. दारात लोंबकळणारी माणसं, आत श्वास घ्यायला जागा नाही. आणि शेजारून किंवा पुढून मेल जाते. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत लांबच्या गाड्यांसाठी पाचवी-सहावी मार्गिका आहे. ठाणे-दिवा हा राहिलेला तुकडा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यावर ती सलग झाली. पण कुर्ला ते सीएसएमटी ती नाही. त्यामुळे तिथे मेल-एक्स्प्रेस आणि फास्ट लोकल एकाच रुळावर येतात. मग गर्दीच्या वेळच्या सगळ्या लांबच्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसलाच (एलटीटी) का थांबवू नयेत? पाचवी-सहावी तिथेच तर संपते.

घाटवाट

बदलापूरकर, तुमचं म्हणणं खोडण्यासारखं नाही. रुळांचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात. एलटीटीवर इतक्या गाड्या गेल्या त्याचं मुख्य कारण हेच.

पण मला वाटतं दुखणं गाड्यांचं नाही, न झालेल्या मार्गिकेचं आहे. कुर्ला ते परळ आणि पुढे परळ ते सीएसएमटी अशा दोन टप्प्यांत ती व्हायची आहे. मधल्या पट्ट्यात घरं आहेत, जुने पूल आहेत, कारखान्यांच्या जागा आहेत, म्हणून रखडली. ती झाली की तुमची लोकलही मोकळी होईल. मेल कुर्ल्याला थांबवली तर तिच्यातले हजार-बाराशे लोक सामानासकट कुठे जाणार? तेही शेवटी लोकलमध्येच चढणार, तुमच्याच गर्दीत.

याची चव आपण घेतली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदरजवळचा दीडशे वर्षांहून जुना कर्नाक पूल पाडायला २७ तासांचा ब्लॉक होता. सीएसएमटी-भायखळा बंद, लांबच्या गाड्या दादर, पनवेल, पुण्याला थांबवल्या. मी त्या दिवशी दादरला काकूंना आणायला गेलो होतो. फलाटावर ट्रंका, गोण्या, कडेवर मुलं आणि पुलाच्या जिन्यावर माणूस पुढे सरकत नव्हता. ती एका दिवसाची गोष्ट होती म्हणून निभावलं.

बदलापूरकर

हे मान्य. लोकलमध्ये ट्रंक घेऊन चढणारा माणूस मी रोज एलटीटीहून येताना पाहतो. त्याचीही चूक नसते. मार्गिका व्हावी यावर तुमच्या बरोबर.

मिरजकर

कोल्हापूरची वाट राहिली. महालक्ष्मी रात्रीची, कोयना दिवसाची. माझं मत कोयनेला. वेळ लागतो, पण पुण्याच्या पुढे सातारा, कराड, सांगली, मिरज अशी एकेक भूमी डोळ्यांसमोरून जाते. मला एका गोष्टीचं फार बरं वाटतं : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली गाडी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला पोचते. दोन्हीकडे रूळ संपतात, पुढे जायचं कुठे नसतं. उतरणाऱ्याला घाई नाही.

सोलापूरवाल्यांनी सिद्धेश्वर सोडू नये. रात्री बसा, सकाळी सोलापूर. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, तिला घाटात बँकर लावावा लागत नाही कारण तिच्या मोटारी डब्यांखाली विभागलेल्या असतात. काका, बरोबर ना?

बँकरवाले काका

बरोबर. ओढायचं काम एकट्या इंजिनाचं नाही, गाडीभर वाटलेलं. आणि २०१९ मध्ये सीएसएमटीहून नाशिक, भोपाळमार्गे दिल्लीची राजधानी सुरू झाली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन असतं. तीही कसाऱ्याला बँकरसाठी थांबत नाही.

नव्या मुलांना आणखी एक सांगतो. मुंबईची वीज पूर्वी वेगळी होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरमार्गे देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी आली, पण मुंबई डीसीवरच राहिली. म्हणून इगतपुरीला इंजिन बदलावं लागायचं. नंतर दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आली. २०१६ मध्ये हार्बरवरचा शेवटचा डीसी तुकडाही एसी झाला आणि तो सगळा व्याप संपला. इगतपुरीच्या त्या थांब्यात आम्ही इंजिन सोडताना पोरं खिडकीतून विचारायची, “काका, आता गाडी कोण ओढणार?”

देवगिरीकर

मराठवाड्याबद्दल कोणीच लिहीत नाही, नेहमीसारखं, म्हणून लिहिते.

आमच्या लहानपणी मुंबईची गाडी आमच्याकडे येतच नव्हती. मनमाडपासून पुढे मीटर गेज म्हणजे अरुंद रूळ, निजामाच्या काळातली लाइन. मुंबईहून मनमाडपर्यंत मोठी गाडी, मग वळकट्या, ट्रंक, पितळी डबा आणि आम्ही चार भावंडं घेऊन आईने फलाट बदलायचा आणि छोट्या गाडीत बसायचं. मध्यरात्री, थंडीत. आई आम्हाला एकमेकांची बोटं धरायला लावायची आणि दर दहा पावलांनी मोजायची. एक, दोन, तीन, चार. नव्वदीत रुंदीकरण झालं, मग तपोवन, देवगिरी, नंदिग्राम थेट सीएसएमटीहून मिळू लागल्या. पहिल्यांदा मनमाडला न उतरता गाडीतच बसून राहिलो तेव्हा आई खिडकीतून तो जिना बघत राहिली होती.

३० डिसेंबर २०२३ ला जालन्याची वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत नेली. तिकीट परवडतं त्याच्यासाठी चांगली सोय आहे. पण आमच्याकडचा ऊसतोड मजूर, कॉलेजचा मुलगा, हॉस्पिटलात दाखवायला येणारा शेतकरी हा तपोवनच्या जनरल डब्यात असतो. ते डबे वाढायला हवेत. ही माझी या धाग्यावरची एकमेव मागणी.

वऱ्हाडी माणूस

देवगिरीकर ताई, शब्द न् शब्द पटला. विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचंही तेच. टाटा हॉस्पिटलला येणारी आमच्याकडची माणसं मी त्यात बघतो, फायली छातीशी धरून उभी.

सागरी

कोकणचं थोडक्यात. मांडवी सकाळी, कोकणकन्या रात्री, शिवाय जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते, २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्ग चालू झाला. ज्याने कधी दिवसा हा प्रवास केला नाही त्याने मांडवीने एकदा जावं, आणि पावसाळ्यातच. लक्षात ठेवा, पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, कारण दरडी. परतीची वेळ दोनदा तपासा. गणपतीत जायचं असेल तर आरक्षण उघडण्याच्या दिवशी सकाळी आठला फोन हातात असायला हवा.

पाथरवट

गाड्यांच्या धाग्यात सीएसएमटीच्या इमारतीबद्दल दोन गोष्टी, कारण गाडी पकडायच्या घाईत कोणी मान वर करत नाही.

१८७८ मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. दगडात कोरलेली पानं, मोर, माकडं यांतलं पुष्कळ काम जे. जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. आपल्या मुलांच्या हातचं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावरची बाई म्हणजे प्रगतीची मूर्ती, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. २००४ मध्ये युनेस्कोने हे जागतिक वारसास्थळ केलं.

आणि हे सगळं सुरू झालं त्याआधीच. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३.३५, बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे, ३ इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. त्या ३४ किलोमीटरांवरूनच आज तुमची विदर्भ, डेक्कन क्वीन आणि मांडवी निघतात.

मिरजकर

त्यात पंजाब मेलही धरा. १ जून १९१२ ला ती बॅलार्ड पिअरहून सुटायला लागली, बोटीतून उतरणाऱ्या इंग्रज साहेबांसाठी, थेट पेशावरपर्यंत. दोन वर्षांनी व्हीटीहून सुटू लागली. फाळणीने तिची वाट तोडली आणि ती फिरोजपूरला थांबली. सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ ती रोज निघतेय. माझ्या आजोबांचे मित्र फाळणीत तिकडून आले होते, ते दर वर्षी एकदा फलाटावर जाऊन ती गाडी सुटताना बघून यायचे. प्रवास नाही करायचा. नुसती बघायची आणि घरी यायचं.

नवखी

सर्वांना कळवायचं होतं, आम्ही जाऊन आलो. वऱ्हाडी दादांचं ऐकलं, सेवाग्राम, सीएसएमटीहूनच. टॅक्सीने डिमेलो रोडकडून आलो, आईला एकही जिना चढावा लागला नाही. सुटायच्या वीस मिनिटं आधी ती खिडकीशी बसून डब्यातलं थालीपीठ खात होती.

कसाऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी तिला बँकरचं सांगितलं. मागून हलका धक्का बसला, मग अजून एक. आईने विचारलं, “ढकलणाऱ्यांना कळतं का पुढे कोण बसलंय?” मला उत्तर येईना. इगतपुरीला बँकर सुटले तेव्हा आमची गाडी वळणावर होती, त्यामुळे मागचं दिसत होतं. तिने खिडकीतून हात हलवला. काका, इंजिनातल्या माणसाने परत हात केला.

बँकरवाले काका

करतोच. आम्ही सगळेच करायचो.